अल्सरेटिव्ह कोलायटिस: रक्ताच्या रिपोर्टवरून आजार किती वाढलाय हे खरंच कळतं का?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला (वय २६) गेल्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा आजार) निघाला. दुर्बिणीच्या तपासणीत गुदाशय आणि त्याच्या वरचा थोडा भाग सुजलेला, जखमा असलेला दिसला. मेसालामाइनच्या (आतड्याची सूज उतरवणारं औषध) गोळ्या आणि रात्री एनिमा (गुदद्वारातून घ्यायचं पातळ औषध) चालू आहे. मध्ये सगळं छान होतं. दिवाळीनंतर परत रक्त पडायला लागलंय, दिवसाला चार-पाच वेळा जावं लागतं.

मागच्या आठवड्यात रक्त तपासलं. सुजेच्या दोन खुणा, सीआरपी ३.२ (लॅबची मर्यादा ५) आणि ईएसआर २२, हिमोग्लोबिन ११.१, प्लेटलेट ४ लाख ६० हजार, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.९. रिपोर्ट बघून वडील खूश. म्हणे सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे सूज गेली, आता हा नुसता टेन्शन घेतोय. भाऊ म्हणतो, मग रोज सकाळी दिसतं ते काय कुंकू आहे का? घरात यावरून रोज वाजतं.

त्यात नव्या पेठेतल्या एका लॅबने पॅकेज सुचवलंय, साडेसहा हजारांचं. त्यात पी-अँका, अस्का (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या) आणि आणखी काय काय आहे. त्यावरून म्हणे 'आजार किती गंभीर होणार आणि कुठलं औषध लागू पडणार' ते कळतं. आमचे पोटविकारतज्ज्ञ पुण्याहून महिन्यातून एकदा येतात, पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे. तोवर ही तपासणी करून ठेवावी का? आणि मुळात रक्तावरून एवढं सगळं कळतं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

बाळीवेस
वाचतोय. मेव्हण्याला हेच आहे.

लॅबमधला_माणूस
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे फक्त माझ्या टेबलापुरतं बोलतो.

आधी सीआरपीखालचं एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. दुसऱ्या प्रकारात ३.२ आला तर तो पहिल्या हिशोबात ३२ होतो, म्हणजे चांगलाच वाढलेला. तुमच्या रिपोर्टवर मर्यादा ५ लिहिली आहे त्याअर्थी लिटरच असणार, तरी डोळ्यांनी बघून घ्या. अशोक चौकातला एक रिपोर्ट आणि सात रस्त्यावरचा दुसरा शेजारी ठेवून 'दहापट कमी झाला' म्हणून आनंदलेले लोक मी पाहिलेत. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये द्या.

दुसरं, 'एचएस-सीआरपी' म्हणून जी असते ती हृदयविकाराच्या अंदाजासाठी वापरतात. पोटासाठी साधी सीआरपी पुरते.

आणि ईएसआरवर फार जाऊ नका. रक्त कमी असलं तरी ती वाढते, वयाने वाढते, गरोदरपणात वाढते. सीआरपी मात्र चपळ असते. तिचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण १९ तास, त्यामुळे सूज उतरली की दोन-तीन दिवसांत आकडा खाली येतो. ईएसआर त्यामागून रेंगाळत येते.

कोलनकर
मी जुना खेळाडू. हा धागा माझ्यासाठीच आहे असं समजून लिहितो.

माझी सीआरपी कधीच चढत नाही. दिवसाला दहा वेळा जात होतो, पँट कमरेला टिकत नव्हती, तेव्हाही सीआरपी ६. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: सीआरपी आतड्यात तयारच होत नाही, ती यकृतात बनते. आतड्यातल्या सुजेचा निरोप रक्तातून यकृतापर्यंत पोचला तर ती वाढणार. क्रोन्समध्ये (याच कुळातला आतड्याचा दुसरा आजार) सूज आतड्याच्या भिंतीत आरपार असते, तिथे ती जास्त वाढते. अल्सरेटिव्हमध्ये सूज फक्त आतल्या अस्तरात. त्यातही आजार गुदाशयाजवळच असेल तर यकृताला पत्ताही लागत नाही. शिवाय काही माणसांची सीआरपी जनुकांमुळेच कमी बनते.

तेव्हा जुळेसोलापूरकर, वडिलांना सांगा, उजनी शंभर टक्के भरली म्हणून आपल्या नळाला रोज पाणी येतं का? धरणाचा आकडा वेगळा आणि नळ वेगळा. भावाचा नळ बघा.

माझ्या बाबतीत उपयोगी पडते ती शौचाची तपासणी, कॅल्प्रोटेक्टिन. रक्ताची नव्हे.

शेंगाचटणी_प्रेमी
उजनीचं उदाहरण वाचून नळाकडे बघितलं. चौथा दिवस आहे.

पूर्वभागातला
एवढ्या तपासण्या करण्यापेक्षा कुटजारिष्ट चालू करा. आमच्या आजीने डाळिंबाच्या सालीच्या काढ्यावर किती लोकांची रक्ती आव थांबवली. सोलापुरात डाळिंबाला काय कमी आहे? डॉक्टर लोक आकड्यांत अडकवतात आणि औषध जन्मभर.

कोलनकर
@पूर्वभागातला, अण्णा, आजीबद्दल आदर आहे. पण आव आणि हा आजार एक नाहीत. आव जंतूंची असते, जाते. हा आजार स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा, तो दबतो आणि परत उठतो. दबलेल्या काळात जे काही पोटात गेलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. मलाही एकदा नुसत्या ताकावर बरं वाटलं होतं.

पूर्वभागातला
मग गोळ्यांनाही तसंच श्रेय मिळत असेल की बे! मला एवढंच म्हणायचंय.

रातपाळी_डॉक्टर
@पूर्वभागातला, मुद्दा रास्त आहे, म्हणूनच औषधाच्या चाचणीत काही लोकांना खोटी गोळी देतात. मेसालामाइन त्यातून पास झालंय. काढा घेणार असाल तर मूळ गोळ्या बंद करू नका आणि आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका, माझी एवढीच अट.

मूळची सोलापूरची, आता पुण्यात मेडिसिनला आहे. इथून कुणाचं औषध ठरवणार नाही, पण प्रश्नाचं उत्तर मोठं आहे म्हणून सवडीने लिहिते.

'गंभीर' कोणाला म्हणायचं याचं आजही वापरात असलेलं मोजमाप १९५५ चं आहे, ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांचं. दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि त्यासोबत पुढच्यापैकी एक तरी: नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सियसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, ईएसआर ३० च्या वर. नंतर ईएसआरच्या जागी सीआरपी ३० च्या वर हेही धरायला लागले. यात रक्ताचे आकडे आहेत, पण पहिली अट संडासच्या वेळांची आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय रक्ताकडे वळायचंच नाही. हे निकष पूर्ण झाले तर ती भरती होण्याची वेळ, पंधरा दिवसांनी पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरची वाट बघण्याची नव्हे. भावाचे आकडे आज त्यात बसत नाहीत. पण वेळा वाढल्या, ताप आला, पोट फुगलं किंवा नाडी पळायला लागली तर थेट दवाखाना गाठायचा.

रक्ताचा आकडा भविष्य सांगतो अशी सगळ्यात चांगली जागा म्हणजे वॉर्ड. रुग्ण भरती झाला, शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं की तिसऱ्या दिवशी हिशोब करतात. १९९६ च्या ऑक्सफर्डच्याच अभ्यासात, तिसऱ्या दिवशीही ८ पेक्षा जास्त वेळा होत असेल, किंवा ३ ते ८ वेळा होत असून सीआरपी ४५ च्या वर असेल, तर अशा रुग्णांपैकी ८५ टक्के लोकांना त्याच भरतीत मोठं आतडं काढावं लागलं होतं. इन्फ्लिक्सिमॅब (शिरेतून द्यायचं, सूज दाबणारं 'बायोलॉजिक' म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेलं औषध) येण्याआधीचा तो काळ. आता हाच निकष 'स्टेरॉइडवर थांबू नका, पुढचं औषध काढा' असं सांगायला वापरतात. लक्षात घ्या, तिथेही सीआरपी एकटी नाही, वेळांच्या जोडीला आहे.

अल्ब्युमिनकडे लोक दुर्लक्ष करतात. ते हळू बदलतं, अर्धायुष्य सुमारे २० दिवस, पण तीव्र आजारात आतड्यातून गळतं आणि झपाट्याने उतरतं. भरतीच्या वेळी ते खूप कमी असेल तर आम्ही सावध होतो. भावाचं ३.९ आहे, ही चांगली बाजू. प्लेटलेट थोडे वाढलेत ते सुजेमुळे किंवा लोह कमी असल्यामुळे, दोन्हींनी वाढतात.

पॅकेजबद्दल: पी-अँका अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बऱ्याच रुग्णांत पॉझिटिव्ह येते आणि अस्का क्रोन्समध्ये. निदान अडलं असेल, दोन्हींपैकी कुठला आजार ते कळत नसेल, तेव्हा थोडी मदत होते. तुमचं निदान दुर्बिणीने झालेलं आहे. पी-अँका पॉझिटिव्ह आली काय आणि निगेटिव्ह आली काय, उद्याची गोळी तीच. मी तरी साडेसहा हजार घालणार नाही.

एक_शंकेखोर
डॉक्टर, तुम्ही म्हणता सीआरपी एकटी नाही, कोलनकर म्हणतात तिचा उपयोगच नाही. मग दर महिन्याला ती लिहून का देतात? साधं उत्तर द्या.

आणि मी वाचलंय की सीबीसीमधल्या (रक्तपेशींची मोजणी) न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) भागलं की आजाराची तीव्रता कळते. फुकटातली तपासणी. ती कुणी सांगत नाही, कारण त्यात कुणाचं पॅकेज नाही.

रातपाळी_डॉक्टर
@एक_शंकेखोर, ज्याची सीआरपी आजार वाढल्यावर चढते, त्याच्यासाठी ती स्वस्तातली चांगली खूण आहे. प्रत्येकाने एकदा आजार जोरात असताना आपली सीआरपी कशी वागते ते बघून ठेवावं. चढणारा असाल तर पुढे विश्वास ठेवा. कोलनकरांसारखे असाल तर सोडून द्या. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटच्या गुणोत्तरावर अभ्यास झालेत, तीव्र आजारात ते वाढलेलं दिसतं, हे खरं आहे. पण ते घशाच्या संसर्गातही वाढतं. आणि मुख्य म्हणजे स्टेरॉइड सुरू केलं की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणजे रुग्ण बरा होत असताना गुणोत्तर बिघडत जातं. ज्या दिवशी आकड्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच दिवशी तो गोंधळ घालतो. पॅकेजचा काही संबंध नाही हो.

एक_शंकेखोर
बरं. हे पटलं. पॅकेजबद्दल मात्र माझं मत कायम.

बार्शी_लाईन
औषध लागू पडणार का, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून माझ्या बायकोचा अनुभव.

तिला अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) सुरू केलं. काही आठवड्यांतच केस मूठमूठ गळायला लागले, पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की भरती करावं लागलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एनयूडीटी१५ नावाची जनुकाची तपासणी करून घेतली, त्यात दोष निघाला. आपल्याकडच्या आणि एकूण आशियाई लोकांत हा बदल गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो. पाश्चात्त्य पुस्तकांत टीपीएमटी नावाच्या दुसऱ्या जनुकावर भर असतो, पण आपल्यासाठी हे जास्त कामाचं असं ते म्हणाले. ही तपासणी जन्मात एकदाच करायची. औषध गुण देईल का ते ती सांगत नाही, औषध मारेल का ते सांगते. माझ्या मते त्या साडेसहा हजारांचं काही करायचंच असेल तर अॅझाथायोप्रिन लिहून देतील त्या दिवशी ही करा.

नंतर तिला इन्फ्लिक्सिमॅब लागलं. त्याआधी छातीचा एक्स-रे, सुप्त टीबीसाठी रक्ताची इग्रा आणि हिपॅटायटिस बी. स्टेरॉइड चालू असल्याने इग्राचा निकाल पहिल्यांदा धड ना हो ना नाही असा आला. तेव्हा पुढे बायोलॉजिक लागण्याची शक्यता दिसत असेल तर ती आधीच विचारून ठेवा.

रातपाळी_डॉक्टर
बार्शी_लाईन यांनी महत्त्वाचं लिहिलं. भर घालते. ही तपासणी केली तरी अॅझाथायोप्रिनवर असताना सीबीसी नियमित करावीच लागते, सुरुवातीला तर लवकर लवकर. जनुक ठीक असूनही पेशी उतरू शकतात.

इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत रक्त खरंच उपयोगी पडतं, पण औषध सुरू झाल्यावर. पुढच्या डोसच्या आधी रक्तात औषध किती उरलंय ते मोजतात. गुण येत नसेल आणि पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर आधी शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं केलीत का ते बघतात. नसतील किंवा थोडीच असतील तर डोस वाढवून बघता येतं, भरपूर असतील तर औषध बदलावं लागतं. पातळी भरपूर असून गुण नसेल तर डोस वाढवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या वाटेचं औषध हवं. अल्ब्युमिन कमी असलेल्यांमध्ये हे औषध लवकर संपतं, संडासवाटेही जातं. अल्ब्युमिन म्हणून इथे परत येतं.

सुरू करण्याआधीच रक्ताच्या एका नळीवरून 'याला हे, त्याला ते' सांगणारी तपासणी मात्र अजून रोजच्या वापरात नाही. क्रोन्ससाठी ब्रिटनमध्ये रक्तातल्या १७ जनुकांची चाचणी तयार केली होती, मोठी आशा होती. २०२४ मध्ये प्रोफाइल नावाच्या चाचणीचा निकाल आला: त्या रक्ततपासणीने उपचार निवडण्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो प्रभावी औषध सुरुवातीलाच दिल्याने. जपानच्या क्योटोमधून २०२१ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसमधलं एक नवं प्रतिपिंड पुढे आलंय, इंटेग्रिन अल्फा-व्ही-बीटा-६ (पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) विरुद्धचं. निदानासाठी ते आश्वासक दिसतं. आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये यायला वेळ आहे.

शेंगाचटणी_प्रेमी
एवढं वाचून एकच प्रश्न: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चालते का नाही? बाकी जनुकं वगैरे तुम्ही बघा.

कोलनकर
आजार शांत असताना चालते, लै चालते. उठलेला असताना मऊ भात आणि वरण. कडक भाकरी दुधात भिजवली तरी मला तेव्हा सोसत नाही. ज्याचं त्याने बघावं.

विडीघरकूल
थोडं अवांतर. आमच्या काकांनी डॉक्टरांच्या धाकाने विडी सोडली आणि वर्षाच्या आत हा आजार निघाला. काकू अजून म्हणतात, विडी सोडली म्हणून झालं. वेडेपणा ना? आमच्याकडे घराघरात विड्या वळतात, हे ऐकून सगळे माना डोलावतात.

रातपाळी_डॉक्टर
काकूंचं निरीक्षण अगदीच हवेतलं नाही. धूम्रपान सोडल्यानंतरच्या काळात अल्सरेटिव्ह कोलायटिस सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे जुनं निरीक्षण आहे. क्रोन्समध्ये उलटं, तिथे धूम्रपानाने आजार बिघडतो. पण म्हणून विडी परत धरा असं कुणीही सांगणार नाही. फुप्फुस आणि हृदयाचं जे होतं त्यापुढे हा फायदा काहीच नाही. काकांना शाबासकी द्या.

विडीघरकूल
काकूंना हे वाचून दाखवणार नाही. पहिलं वाक्य ऐकून उठून जातील.

लॅबमधला_माणूस
कॅल्प्रोटेक्टिनचा विषय निघालाय म्हणून. ते न्यूट्रोफिल पेशींतलं प्रथिन. आतड्यात सूज असली की पेशी तिथे येतात आणि ते शौचात उतरतं, यकृताचा फेरा नाही. नमुना सकाळच्या पहिल्या संडासचा द्या, दरवेळी त्याच वेळचा. आमच्याकडून तो बाहेरगावी जातो, निकालाला काही दिवस लागतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आकडा वाढतो, घेतल्या असतील तर सांगा. आणि हा जंतुसंसर्गातही वाढतो, त्यामुळे आव आहे की कोलायटिस उठला, हे तो एकटा ओळखत नाही.

कोलनकर
वेदनाशामकांवरून आठवलं. गुडघ्यासाठी दुकानातून आणून घेतलेल्या गोळ्यांनी आजार उठलेले दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत.

आणि भरतीचा विषय निघालाच होता तर एक गंमत. रक्त पडतंय म्हणून भरती झालो आणि सिस्टर पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायला आल्या. आई त्यांच्यावर धावूनच गेली! मग डॉक्टरांनी समजावलं की हा आजार भडकला की शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून रक्त पडत असतानाही ते देतात.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार, उशिरा उत्तर देतोय. पॅकेज केलं नाही. एकक तपासलं, लिटरच आहे. डॉक्टरांच्या सहायकांना फोन करून विचारलं, त्यांनी शौचाची साधी तपासणी, अमीबा, सी. डिफिसिल (आतड्याचा संसर्ग करणारा एक जंतू) आणि कॅल्प्रोटेक्टिन करायला सांगितलं. जंतू काही निघाले नाहीत. कॅल्प्रोटेक्टिन ८४०.

वडिलांना कागद दाखवला. पहिलं वाक्य: 'ही लॅब बरोबर आहे कशावरून?' दुसरं: 'मग तो एनिमा रोज घेतो का विचार.' भावाला विचारलं तर दोन महिने एनिमा बंदच आहे, कंटाळा येतो म्हणे. आता घरातलं भांडण त्या विषयावर गेलंय.

एक_शंकेखोर
हाहाहा. साडेसहा हजारांच्या पॅकेजमध्ये हे कळलं नसतं.

रातपाळी_डॉक्टर
८४० म्हणजे सूज आहेच. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत १५० ही रेषा धरली आहे, त्याच्या वर गेलं की सूज धरतात. भावाचा त्रास आणि आकडा एकमेकांशी जुळतात, सीआरपीच बाजूला पडली. पंधरा दिवस थांबू नका, फोनवर आकडा कळवा आणि एनिमा बंद होता हेही सांगा. नाहीतर 'मेसालामाइन लागू पडलं नाही' असं समजून एक पायरी वरचं औषध सुरू होईल. गुदाशयाजवळच्या आजारात गोळी आणि एनिमा मिळून जे काम करतात ते नुसत्या गोळीने होत नाही.

हिमोग्लोबिन ११.१ आहे, त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाचा साठा आणि पुरवठा सांगणाऱ्या तपासण्या) करून ठेवा. फेरिटिन सुजेत आपोआप वाढतं, त्यामुळे ६०-७० आलं तरी लोह भरपूर आहे असं समजू नका. सूज असताना १०० च्या आतही कमतरता असू शकते.

जुळेसोलापूरकर
फोन करतो लगेच. फेरिटिनचं रक्त रविवारी दिलं तर चालेल का? भावाची कंपनी सुट्टी देत नाही.

लॅबमधला_माणूस
आमच्याकडे रविवारी दुपारी एकपर्यंत घेतात. सकाळी लवकर पाठवा आणि लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका म्हणावं.